नैवेद्याआधीचं ताट

मायने मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि ते पुरणावरून. मी आठ वर्षांची होते. आमच्या अंजनगावच्या घरी महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस होता, म्हणजे जेवणाचा दिवस. पुरण परातीत निवत ठेवलेलं, घरभर वेलचीचा वास. मी एक बोट घातलं आणि चाटलं. मागे माय उभी होती. तिने अशी थोबाडीत दिली की माझ्या कानातला डूल फरशीवर पडला. "देवीनं खाल्लं नाई अजून, आन तू खातं?" एवढंच बोलली. मग ते सगळं पुरण गाईला घातलं आणि पुन्हा डाळ शिजायला टाकली. पाहुणे तोवर दारात आले होते.

आमच्या घरचे त्या दिवसाचे नियम दोनच. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी कशाला तोंड लावायचं नाही, आणि नैवेद्याचं अन्न उंबरठ्याबाहेर न्यायचं नाही. शेजारीण असो की जावई, ज्याला खायचं त्याने आत येऊन पाटावर बसायचं. आम्ही फुलमळ्याचे लोक. बारा महिने झेंडू आणि शेवंती पिकवून दुसऱ्यांच्या देवांना पुरवायची, पण स्वतःच्या देवांच्या बाबतीत माय एक पाकळी इकडची तिकडे होऊ देत नसे. ती चापट मला अजून आठवते, आणि खरं सांगायचं तर मला ती तेव्हाही पटली होती. नियम म्हणजे नियम.

आता माझ्या भावाबद्दल. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. अमरावतीला त्याची साउंड सर्व्हिस आहे. गणपती, दुर्गादेवी, लग्न, उरूस, पुढाऱ्याची सभा, जिथे आवाज मोठा करायचा तिथे हा हजर. काही वर्षांपूर्वी शहराच्या कडेच्या एका प्रार्थनाघराने दर रविवारसाठी त्याला लावलं. साउंडवाल्याला कार्यक्रम ऐकावाच लागतो, बाप्पा. लग्नात तो मध्ये जेवून तरी येतो. इथे तीन-तीन तास कानाला हेडफोन लावून मिक्सरपाशी बसायचं, कोणाचा आवाज फाटतो, कोणाचा बसतो ते पाहत. वर्षभर त्याने ऐकलं. मग एका रविवारी मिक्सर सोडून पुढे गेला आणि गुडघ्यांवर बसला. आजारी नव्हता, दारू पीत नव्हता, कोणी काही आमिष दाखवलं नव्हतं. ही तीनही कारणं आमच्या नातेवाइकांनी शोधून पाहिली, आणि सापडली नाहीत म्हणून ते जास्तच चिडले. भावजयही त्याच्यासोबत गेली. तिचं तिच्या माहेरच्यांशी वेगळं युद्ध सुरू आहे, ते तिने सांगावं.

तो येशूला मानतो याचा मला राग नव्हता. आमच्या घरात कोण कोणाला मानत नाही? माझी आत्या दर्ग्याला चादर चढवते आणि तिथून निघून थेट मारुतीला तेल घालते. मला राग होता तो त्याच्या 'एकच' या शब्दाचा. पहिल्यांदा त्याने मायच्या हातचा शिरा परत केला तेव्हा मी समोर बसले होते. सत्यनारायणाचा शिरा. म्हणाला, "माय, दाखवलेलं आता मी खात नाई. आमच्यात चालत नाई."

"आमच्यात म्हंजे कोनात?" मी म्हटलं. "तुह्या 'आमच्यात' आमी नाई का आता?"

मायने वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून माझ्यात आणि त्याच्यात ठिणगी पडली ती पडलीच. मी मुळातच फटकळ. अकोल्याला जठारपेठेत राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते, आणि ते ओरडणं घरी येतानाही माझ्याबरोबर येतं. मी त्याला फोनवर सुनावायची, तोही ऐकून घेणारा नव्हता.

माय मात्र भांडली नाही. तिने तिच्या पद्धतीने तोडगा काढला, आणि तिथेच घोळ झाला. बसस्टँडजवळच्या फ्रेमवाल्याकडून तिने येशूचा फोटो आणला आणि आमच्या देवघरात बसवला, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मध्ये. रोज त्याला हळदकुंकू वाहायला लागली, शेवंतीचं फूल वाहायला लागली. कोणाकडून तरी ऐकलं की तो शुक्रवारी गेला. झालं, हिने शुक्रवार धरला. शुक्रवार आधीच देवीचा होता. "देवीले मी सांगतलं, उलसी सरक म्हनून," मला म्हणाली. दर शुक्रवारी साबुदाण्याची उसळ खाऊन ती येशूचा उपास करायची.

भावाला हे दिवाळीनंतर कळलं. आम्ही दोघंही त्या दिवशी अंजनगावला आलो होतो. माय हौसेने त्याचा हात धरून देवघराकडे घेऊन गेली. "पाह्य, कोन बसवला मी. तुहा देव थो माहा देव. आता नाराज नोको राहू."

त्याने पाहिलं. चेहरा उतरला. खिशातून रुमाल काढला आणि फोटोवरचं कुंकू पुसायला लागला. काचेवर लाल फरांटे उठले, ते त्याने थुंकी लावून पुसले नाहीत, पाणी आणून पुसले. मग म्हणाला, "माय, याले इथं बसवता येत नाई. थो यायच्यातला एक नाई. थो एकटाच देव हाय. बाकी..."

"बाकी काय?" मी म्हटलं. "बोल न. बाकी काय?"

"बाकी देव नाई."

माय शांतपणे म्हणाली, "मंग यायले मी इतकी वर्सं फुलं वाह्यली, ते उगाच का रे?"

माझं डोकं फिरलं. "अरे, ज्याले शिपायायनं धरून नेलं, काट्यायचा मुकुट घातला, खिळे ठोकले, थो देव? सोताले वाचवता आलं नाई त्याले! मानूस म्हन. चांगला मानूस होता म्हन, मी दोन्ही हात जोडतो. पन देव कायचा?"

"त्याले वाचवता येत होतं, ताई. त्यानं वाचवलं नाई. तेच तं हाय." त्याचा आवाज इतका थंड होता की माझ्या अंगाची आग झाली. "देव सोता मानूस होऊन आला. एकदाच आला. मेला आन तिसऱ्या दिवशी उठला."

"आमच्याकडं दहा खेपा आला. तुमच्याकडं एक. मंग कोनाचा जास्त झाला?"

"हे मोजाची गोठ नाई."

"आन देव मरते का कुठं?"

"किसन नाई मेला का?" माय मध्येच म्हणाली. "पारध्यानं बान मारला न त्याच्या पायात."

आम्ही दोघांनीही एकदमच तिच्याकडे रागाने पाहिलं. तिची मदत दोघांनाही नको होती. त्याने तो फोटो देवघरातून काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "ठेवाचाच असंन तं वेगळा ठेव. नाई तं ठेवूच नोको." आणि पाणीही न पिता गाडीला किक मारून निघून गेला. माय फोटो मांडीवर घेऊन बसून राहिली. मी त्याला शिव्या घालत होते, आणि तिला त्या ऐकू येत होत्या की नाही ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर एक खिळा ठोकला आणि येशूला तिथे लावलं. "एकट्यानं राहाचं म्हनते तं राहू दे. वेगळं बिऱ्हाड देलं त्याले." कुंकू लावणं सोडलं. शुक्रवार मात्र सोडला नाही.

माझा राग मात्र थांबेना. आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहतात, मुसलमान आहेत, माझ्याच वयाच्या. मधल्या सुटीत आम्ही डबा एकत्र खातो. एकदा त्यांना विचारलं, तुम्ही लोक येशूला काय मानता? त्या म्हणाल्या, "ईसा अलैहिस्सलाम हमारे नबी हैं. अल्लाह के भेजे हुए. खुदा नहीं मानते, खुदा का बेटा भी नहीं मानते. लेकिन उनका और उनकी अम्मी का नाम हम अदब से लेते हैं, तुम्हारे जैसा हाथ नचा के नहीं."

मी त्यातलं अर्धंच उचललं आणि त्याच संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. 'तेही म्हणतात, देव नाही.' भावाने उत्तर दिलं, 'त्यायचं ते पाहतीन.' मग मी काही बोलले, तो काही बोलला, दोन चुलतभाऊ ग्रुप सोडून गेले. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "भाई से लड़ना है तो अपने मुँह से लड़ो. मेरे को काए को बीच में लेके जाते?" दोन दिवस त्या डबा घेऊन माझ्यापाशी आल्या नाहीत.

तीन वर्षं भाऊ महालक्ष्म्यांना आला नाही. तीन वर्षं माय त्या दिवशी पंगत वाढता वाढता दाराकडे पाहायची. वडील गेल्यापासून तिचं दुसरं मागणं नव्हतं. तो कोणाला देव म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. तिच्या हातचं, त्या दिवशीचं, त्याने खावं, एवढंच तिला हवं होतं. नैवेद्याचं तो खात नव्हता, आणि नैवेद्याआधी आमच्या घरात कोणी खात नव्हतं. झाला ना मग पेच.

चौथ्या वर्षी मायचा मला फोन आला की तो येतो म्हणाला. मला वाटलं, वाकला एकदाचा. आनंद झाला नाही, जिंकल्यासारखं वाटलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला मी आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या होत्या, नव्या साड्या नेसून, मुखवटे लावून. दोन्ही काकू आणि आत्या तिथे करंज्या-पापड्यांचा फुलोरा बांधत बसल्या होत्या. आत माय एकटी होती. तिने दार लोटून घेतलं होतं. ओट्यावर एक ताट होतं, आणि त्यात ती एकेक पदार्थ काढत होती. सोळा भाज्या, कढी, वडे, ज्वारीची आंबील. मग पुरणाच्या पहिल्या दोन पोळ्या. त्यावर तिने दुसरं ताट पालथं घातलं आणि ते फळीवर, मिठाच्या बरणीपाशी सरकवून ठेवलं. बाहेर अजून आरतीचं तबकही भरलं नव्हतं.

"हे काय करून राहिली माय?"

ती दचकली. मग म्हणाली, "त्याच्यासाठी. दाखवलेलं थो खात नाई न. हे दाखवलेलं नाई."

"देवीच्या आधी काढलं तुनं?"

"हव."

"आन हे बाहेर काकूयले कळलं तं?"

"कायले कळन? तू सांगशील का?"

तिने ते साधेपणाने विचारलं होतं. पण मला आत काय झालं ते सांगते, लपवायचं कशाला? माझ्या गालावर ती जुनी चापट पुन्हा बसली. एका बोटभर पुरणासाठी तू माझं थोबाड फोडलंस, सगळी डाळ पुन्हा शिजत घातलीस. आणि त्याला अख्खं ताट? जो तुझ्या देवीला देव म्हणत नाही, त्याला देवीच्या आधी? लेकीचा प्रश्न होता तेव्हा देवी मोठी होती, आणि लेकाचा प्रश्न आला तर देवीने थांबायचं. मला त्या ताटाचा असा द्वेष वाटला की उचलून गोठ्यात फेकावं. फेकलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याहून वाईट केलं.

तो आला, एकटाच. महालक्ष्म्यांसमोर हात जोडले नाहीत, पण चप्पल बाहेर काढली आणि काकूंच्या पाया पडला. नैवेद्य झाला, आरती झाली, तेवढा वेळ तो ओसरीवर बसून राहिला. मग पुरुषांची पंगत बसली. तो टोकाच्या पाटावर बसला. मायने सगळ्यांना वाढलं आणि मग आतून ते झाकलेलं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. फोनवर त्यांचं ठरलंच असणार. त्याने क्षणभर डोळे मिटले, ओठ हलवले आणि जेवायला लागला.

चार वर्षांनी तो आमच्या घरी जेवत होता. माय पदराचं टोक हातात धरून दारात उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मोठी काकू वाढता वाढता थांबली. "काहून वो, त्याचं ताट आतून काहून आलं? वेगळं वाढलं का काही?"

सगळ्यांचे हात थांबले. आणि मी म्हणाले, त्याच्याकडे सरळ पाहून म्हणाले, "वेगळं कायचं? नैवेद्याचंच हाय. सगळ्यायचं एकच."

काकूंना वाटलं, लेकीने मायची बाजू सावरून घेतली. पण मी ते कोणाला ऐकवलं होतं ते आम्हा तिघांनाच कळलं. त्याच्या हातात पोळीचा घास होता. तो घास तसाच राहिला. त्याने मायकडे पाहिलं, मायने माझ्याकडे. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, नाही रे, हे आधी काढलंय. पण ते म्हटलं असतं तर भरल्या पंगतीत सगळ्यांना कळलं असतं की या घरच्या महालक्ष्म्यांना उष्टा नैवेद्य गेला. सगळी पंगत ताटावरून उठली असती. पुढच्या वर्षी काकूंनी महालक्ष्म्या मायच्या घरून आपल्याकडे नेल्या असत्या. मला हे सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते बोलले होते.

मायचं तोंड उघडलं नाही. भावाने घास ताटात ठेवला, उठला, हौदावर हात धुतले, चप्पल घातली. गाडीचा आवाज लांब गेला. मग काकू म्हणाली, "गेला तं गेला. धर्म सोडलेल्याले कायची आली लाज." पंगत पुन्हा सुरू झाली. माय त्याच्या पाटावर बसली आणि त्याचं उष्टं ताट पुढ्यात ओढून सगळं खाल्लं. ती नेहमी सगळ्यांत शेवटी जेवते, त्या दिवशी सगळ्यांसमोर जेवली. माझ्याशी बोलली नाही. मी निघताना फक्त म्हणाली, "बस लागली असंन, जाय."

शाळेत मी बाईंना हे सांगितलं. मला वाटलं होतं, निदान त्या तरी म्हणतील की भावाने अति केलं. त्या म्हणाल्या, "खाने पे झूठ बोला तुमने? माँ के सामने?" आणि पुढचा तास असल्यासारख्या उठून गेल्या. तास नव्हता.

वर्षभर मी भावाशी बोलले नाही, त्याने मला फोन केला नाही. तो त्याच्या जागी ठाम, मी माझ्या. मी मनात त्याच्याशी भांडत राहायची. येशू माणूसच होता, माणूसच होता, असं घोकत राहायची. भाऊ जणू समोर बसून 'देवच आहे' म्हणतोय, असं.

या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा मायने मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं. जेवणाच्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि माझ्या हातात चार पुडांचा डबा दिला.

"भर."

"कोनासाठी?"

"तुले माहीत हाय कोनासाठी. तू भर. तुह्या हातानं."

"माय, अजून नैवेद्य..."

"म्हनूनच आता. आन तूच घेऊन जाशील अमरावतीले. धा वाजताची बस हाय."

"उंबरठ्याबाहेर जात नाई न आपल्यात?"

"नैवेद्याचं जात नाई. हे नैवेद्याचं नाईच." तिने हा विचार आधीच करून ठेवला होता. मिठाच्या बरणीवरून येशू आमच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या समोर मी परातीतलं पुरण घेतलं. चाळीस वर्षांनी मी नैवेद्याआधी त्या पुरणाला हात लावत होते, आणि माय शेजारी उभी राहून ते करवून घेत होती. पोळ्या तिने लाटल्या, तव्यावरून मी काढल्या. काकूंना तिने सांगितलं की हिच्या शाळेचं काम निघालं. मी आरतीही न घेता बसमध्ये बसले, मांडीवर गरम डबा घेऊन.

अमरावतीत जिकडे तिकडे गणपतीचे स्पीकर वाजत होते. या दिवसांत साउंडवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. भावाच्या दुकानात मात्र स्पीकर भिंतीला लावून ठेवलेले होते, आणि तो स्टुलावर बसून एका माइकची वायर जोडत होता. देवांचे कार्यक्रम तो आता घेत नाही. मला पाहून उठला नाही.

"मायनं पाठवलं," मी डबा काउंटरवर ठेवला.

"आधी काढलं का नंतर?"

"आधी."

"कोनं काढलं?"

"मी."

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "तुनं? मागच्या वर्सी तं सगळ्यायचं एकच होतं."

"खोटं बोललो होतो मी."

"माहीत हाय. तवाच माहीत होतं. माय मले फसवत नाई."

"मंग उठला काहून? खोटं हाय म्हनून माहीत होतं तं जेवाचं होतं न!"

"बसून खाल्लं असतं तं काकूनं इचारलं असतं, दाखवलेलं हा कसा काय खाते? मंग मायले सगळं सांगा लागलं असतं. भरल्या पंगतीत." त्याने वायर खाली ठेवली. "तुनं तिले अशी कोंडीत धरली होती, ताई. मी नसतो उठलो तं ती मेली असती तिथं."

वर्षभर मी समजत होते की मी त्याला त्याच्या देवाच्या नावाने ताटावरून उठवलं. तो मायसाठी उठला होता. आणि मायला ते तेव्हाच कळलं असणार, म्हणून तिने त्याचं उष्टं खाल्लं. मूर्ख एकटी मीच होते.

त्याने डबा उघडला, हात धुऊन आला, डोळे मिटले. "प्रभू येशू," त्याने प्रार्थना सुरू केली. ज्या हातांनी हे केलं त्या हातांसाठी त्याने आभार मानले, मायसाठी काही मागितलं, आणि माझ्यासाठीही मागितलं, ते मला आवडलं नाही. मग पहिली पोळी त्याने मधोमध तोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"खाय. उपाशीच आली असशील."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी माझा हात पुढे जाईना. माझ्या डोळ्यांसमोर त्याने ती पोळी त्याच्या देवाला दाखवली होती. म्हणजे दाखवलीच ना? ती आता त्याचा प्रसाद झाली होती.

त्याने माझं तोंड वाचलं. लहानपणापासून वाचतो. "मानूसच होता म्हनतं न तू? चांगला मानूस?"

"हव. मानूसच."

"मंग भेतं कायले?"

मला त्याचा राग आला, माझ्या हाताचा त्याहून जास्त आला. माणूसच असेल तर त्याच्या नावाने पुटपुटलेल्या चार शब्दांनी पोळीला काय होणार होतं? चारचौघांत छातीठोक बोलत होते मी, ग्रुपवर लिहीत होते. पण हात उचलेना तो उचलेना. म्हणाले, "मले भूक नाई."

"बरं." त्याने अर्धी पोळी डब्यात ठेवून दिली आणि बाकीचं सगळं जेवला. भाज्या, कढी, आंबील, बोटं चाटून. आग्रह केला नाही. मी समोर बसून ते पाहिलं. डबा बंद करून देताना म्हणाला, "मायले सांग, पूर्न जेवलो. तिले खोटं नोको सांगू."

मी परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पाहुणे जेवून गेले होते, काकू बाहेर महालक्ष्म्यांसमोर गप्पा मारत बसल्या होत्या. माय स्वयंपाकघरात होती. जेवली नव्हती.

"जेवला?"

"जेवला. पूर्न."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आन तू?"

मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वी तो का उठला तेही सांगितलं. ते तिला माहीत होतं. अर्ध्या पोळीचं मात्र तिने नीट ऐकून घेतलं.

"आठ वर्साची होती तवा याच पुरनासाठी तुह्यानं दम धरवला नाई," माय म्हणाली. "आन आज भाऊ हातानं देत होता तं खाल्लं नाई."

तिने ती अर्धी पोळी उचलली, कपाळाला लावली आणि मिठाच्या बरणीसमोर उभ्यानेच खाल्ली. त्यातला तुकडा तिने मला विचारला नाही.